हाताळला का?

प्रताप नगर, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७८

डॉक्टर चारुशीलाबाई,

तुमच्या डिग्रीला नमस्कार आणि तुला आशीर्वाद.

तू बंगलोरला गेलीस त्याला सहा वर्षं झाली आणि पत्र मीच आधी लिहितो आहे, यावरून कोणाजवळ किती वेळ आहे ते ओळख. जूनअखेर मी रिटायर झालो. एकतीस वर्षं आपल्या कॉलेजच्या त्या एका खोलीत मेंदू, यकृत, मूत्रपिंडं मेणात बसवून कापली, रंगवली, स्लाइडी केल्या. निरोपाला हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच पोचायचं नाही त्याला घड्याळ काहून देतात हे विचारणार होतो, पण साहेब लोक भाषणात गुंतले होते.

इथलं घर पुरं झालं. समोर मोकळे प्लॉट आणि बाभळी आहेत. मुलगा रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला, मोटरसायकलवर शिफ्टला जातो. तुझी अंजनाकाकू बरी आहे. मी बरा आहे.

कॉलेजात कळलं की तू म्हाताऱ्या माणसांच्या उदासीवर काम करते आहेस. जी माणसं उतारवयात उदास होऊन गेली त्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजतेस म्हणे. ऐकून बरं वाटलं. पेशी मोजताना बोलता येत नाही, तेवढीच तुझ्या जिभेला विश्रांती.

एक विचारायचं होतं. माझ्याजवळ एक जुनी स्लाइड आहे. पुरुष, वय सहासष्ट. शेवटची दोन वर्षं झोप नाही, जेवण नाही, बोलणं तुटलेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मेंदूच्या सालीतल्या पेशी काळ्या पडलेल्या, आकसलेल्या, शेपट्या पिळवटलेल्या. तुमच्या नव्या शास्त्रात याचा अर्थ काय लावतात? अशा पेशी पुन्हा भरतात का? आणि हे घराण्यात उतरतं का? घाई नाही, सहज विचारलं.

दुसरं काम. माझा मेंदू मला तुझ्या मोजणीसाठी द्यायचा आहे. अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते कळव. नागपूरहून बंगलोरला कसा पाठवायचा तेही मी ठरवून ठेवलं आहे. पक्का झाला की फॉर्मालीनच्या ओल्या कापडात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात, रेल्वे पार्सलने. काढणारा तेवढा नीट मिळावा. हल्लीचे नवे लोक फणस फोडल्यासारखे काढतात.

देवराव लांजेवार


बंगलोर
२ डिसेंबर १९७८

देवरावकाका,

पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

आठवतं ना? पहिल्या दिवशी तुम्ही मला दुसरं काही शिकवलंच नाही. 'हात मागं,' एवढंच. 'ताजा मेंदू दह्यासारखा राहते बाई, बोट लावशीन तर तुहं बोट त्यात राहून जाईन.' मग खालच्या रक्तवाहिनीत दोरा ओवून तो फॉर्मालीनच्या बादलीत सोडायचा आणि पंधरा दिवस तिकडे फिरकायचं नाही. आणि ती चिठ्ठी. छापील चिठ्ठीत चारच रकाने होते: नाव, वय, मृत्यूनंतर किती वेळाने, कोणी काढला. पाचवा तुम्ही पट्टीने आखून हाताने लिहायचात: हाताळला का? एका मोठ्या सरांनी तिथे 'नाही' लिहिलं होतं आणि तुम्ही स्लाइड पाहून शांतपणे म्हणालात, 'सर, तुमचा अंगठा दिसून राहिला.' ही गोष्ट मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सर तुमच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

माझं काम बैलगाडीच्या वेगाने चाललं आहे. सव्वीस मेंदू मोजून झाले. उदास म्हाताऱ्यांच्या मेंदूत काही जागी पेशी लहान वाटतात, काही जागी पेशींना आधार देणाऱ्या बारक्या पेशी कमी वाटतात. 'वाटतात' च्या पुढे अजून जाता येत नाही. आमचे साहेब म्हणतात, आणखी सव्वीस मोजा.

तुमच्या स्लाइडचं म्हणाल तर काळ्या, आकसलेल्या, पिळवटलेल्या म्हणजे मेलेल्याच, किंवा त्या वाटेवरच्या म्हणायच्या. मेंदूची पेशी एकदा गेली की परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच मला सांगितलं आहे. काही घराण्यांत उदासी उतरताना दिसते खरी. कोणाची आहे ती स्लाइड?

मेंदूच्या अर्जाचं मात्र जमणार नाही. फॉर्म संपले आहेत, नवे तीस वर्षांनी छापून येतील. तोवर संत्री खा.

आज दुपारी विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायची आहे, म्हणून आवरतं घेते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची चारुशीला


प्रताप नगर
९ जानेवारी ७९

चारुबाईले अंजनाकाकूचा आशीर्वाद.

मी चौथीच शिकली, तवा चुका पोटात घाल. तू महालक्ष्म्याच्या जेवणाले आमच्या घरी आली होती, चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, ते मले याद आहे. म्हणून तुले लिहाची हिंमत केली. हे लिहिलं ते याईले माहीत नाही. याईच्याच वहीतलं पान फाडलं.

तुहं पत्र आलं ते याईनं तीनदा वाचलं अन् घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. अजून तिथंच आहे. दिवाळीपासून झोप नाही, पहाटं तीनले उठून अंगणात बसून राहते. जेवण आधीच कमी झालं होतं, तुह्या पत्रापासून पार तुटलं. याच्या आधी दरवर्सी थंडीत संत्र्याचे सारे दोरे काढून सगळ्याईच्या हातात फोडी देत. औंदा टोपली तशीच सुकून राहिली.

रुपरावनं जबरीनं मोटरसायकलवर बसवून रामदासपेठेतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणे, हा उदासीचा आजार आहे, गोळ्या घ्या, तीन-चार हप्त्यात फरक पडंन. मी रोज गोळी हातात ठेवतो, वरतून पाणी देतो. हे तोंडात टाकल्यावानी करते. परवा मी याईची स्लाइडीची लाकडी पेटी उघडली. त्याच्या खाचीत एकेक गोळी उभी लावून ठेवली होती, नंबरवार. एकोणीस होत्या. फेकल्या बी नाही, खाल्ल्या बी नाही.

म्या म्हटलं, काहून असं? तर म्हणते, अंजने, मेल्या पेशीले गोळी काय करंन? वाळल्या झाडाले पाणी. तुह्या चारुबाईनंच लिहिलं आहे.

मले पेशी समजत नाही. मले एवढं समजते का हा माणूस आपल्या चिजा वाटून राहिला. चाकूले धार लावाचा दगड कॉलेजच्या शिपायाले देऊन आले. तो दगड मले बी शिवू देत नव्हते. सायकल शेजारच्याले दिली. हातातली घडी रुपरावले. माह्या जेठाचं, महादेवराव भाऊजीचं, असंच झालं होतं. दोन वर्सं भिंतीकडं तोंड करून बसले अन् सुकून गेले. जाऊबाई घास भरवता भरवता थकल्या.

तू असं काहून लिहिलं वं बाई? लिहिलं ते लिहिलं, आता दुसरं लिही. पण खोटं नको लिहू, याईले तुहं खोटं एका ओळीत समजंन. अन् मी लिहिलं ते सांगू नको.

अंजना


बंगलोर
१६ जानेवारी १९७९

काका,

मागच्या पत्राची मला लाज वाटते. परीक्षेच्या गडबडीत, स्लाइड न पाहता, वय आणि रंग ऐकून मी निदान ठोकलं. तुमच्या हाताखाली असते तर तुम्ही चिठ्ठी माझ्या टेबलावर उलटी ठेवून निघून गेला असता. ते निदान मी मागे घेते. ते पत्र फाडून टाका. खिशात ठेवण्याच्या लायकीचं नाही ते.

आता रीतसर मागते. त्या माणसाच्या सगळ्या स्लाइडी पाठवा. मेणाचे ठोकळे असतील तर तेही, म्हणजे मला नवे काप घेता येतील. आणि चिठ्ठी, पाचही रकान्यांची. चिठ्ठीशिवाय आलेला नमुना परत पाठवायचा हा नियम तुमचाच आहे. मला सहा आठवडे द्या. तेवढ्यात मी काप घेऊन, रंगवून, मोजून लेखी रिपोर्ट देईन. तोवर त्या स्लाइडीचा कोणताही अर्थ लावायचा नाही, तुम्हीही नाही.

दुसरं असं की, तुमच्या पत्रात प्रत्येक गोष्टीला एखादी कोपरखळी होती. 'मी बरा आहे' या तीन शब्दांना तेवढी नव्हती. मी तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं. आता विचारते, मनात काय चाललं आहे?

काका, मी नुसती पेशी मोजत नाही, आठवड्यातून दोनदा वॉर्डातही जाते. मागच्या पावसाळ्यात एक रिटायर हेडमास्तर आले होते. जेवत नव्हते, मुलाचं नाव सांगत नव्हते. घरच्यांनी म्हातारचळ ठरवून टाकला होता. सात आठवडे गोळ्या घेतल्या आणि वॉर्डातल्या तक्त्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करत फिरायला लागले. सिस्टर वैतागल्या होत्या. सगळेच असे बरे होतात असं मी म्हणत नाही. पण कोण होणार ते आधी कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं आणि पेशींवरही नसतं.

तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर माझा रिपोर्ट येईपर्यंत घ्या. दिल्या नसतील तर मागून घ्या. मेंदू बादलीत असताना पंधरा दिवस पाहायचं नाही, हलवायचं नाही, मत द्यायचं नाही, हे तुमच्यामुळे मी पाळत आले. तुम्ही सहा आठवडे पाळा. मला तुमचा मेंदू नको आहे, तुम्ही हवे आहात.

चारुशीला


प्रताप नगर
३० जानेवारी १९७९

चारुशीला,

पार्सल वेगळं पाठवतो आहे. सात स्लाइडी, सात ठोकळे, चिठ्ठी. कापूस चारी बाजूंनी भरला आहे.

माझ्या वहीतलं एक पान फाटलेलं आहे आणि मी खिशात काय ठेवतो ते बंगलोरपर्यंत पोचलं आहे. या घरात लिहिता येणारी माणसं तीन. रुपरावला पत्र लिहायची सवय नाही. मी अंजनेला काही बोललो नाही, तूही तिला काही कळवू नकोस.

स्लाइड कोणाची ते चिठ्ठीवर दिसेलच, पण सांगून टाकतो. माझे थोरले भाऊ महादेवराव. वडील लवकर गेले, त्यांनीच मला वाढवलं. १९७१ च्या मार्चमध्ये आपल्याच हॉस्पिटलात सकाळी आठला गेले. बोलणं तुटायच्या आधी एकदा मला म्हणाले होते, 'देवा, तू साऱ्या दुनियेचे मेंदू कापतं. माह्या डोक्यात काय बिघडून राहिलं ते एकदा पाय ना गा.' जिवंतपणी कसं पाहणार? ते गेल्यावर मी सही केली आणि पाहिलं. वहिनींना सांगितलं नाही. मेंदू काढून उरलेला माणूस आम्ही घाटावर नेला आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. आता वहिनीही नाहीत. हे आठ वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही, अंजनेलाही नाही.

पंधरा दिवसांनी काप घेतले, रंगवले. दुसऱ्याच स्लाइडीवर त्या काळ्या पेशी दिसल्या. मी डोळा उचलला तेव्हा ठरलं होतं. भाऊला तिथे काही बिघडून राहिलं होतं आणि ते मी पाहिलं होतं. जे मी डोळ्यांनी पाहिलं त्याला वय म्हणणारे डॉक्टर काय सांगणार?

आता माझं ऐक. मला दिवाळीपासून तसंच सुरू झालं आहे, अगदी त्याच क्रमाने. आधी झोप, मग चव, जिभेवर मेणाचा थर बसल्यासारखी. मग माणसं आली की उठून आत जावंसं वाटणं. रोज सकाळी वाटतं, डोक्यात आणखी चार पेशी काळ्या पडल्या. मरणाला मी भीत नाही, तो माझा धंदाच होता. भीती एवढीच आहे की दोन वर्षं मी भिंतीकडे तोंड करून बसेन आणि अंजना घास भरवेल. वहिनींचे हाल मी पाहिले आहेत. ते अंजनेच्या वाट्याला येऊ नये म्हणून वेळेतच आटोपावं असं मनात येतं. रोज येतं. तू विचारलंस म्हणून लिहिलं. पाठवू की नको असं चार दिवस चाललं होतं.

सहा आठवडे म्हणालीस. सहा आठवडे मी बादलीत आहे असं समज. पेटीतली पहिली गोळी आज घेतली. तुझा रिपोर्ट वाईट आला तर मात्र मला गोड बोलून फसवू नकोस.

देवराव


पोस्टकार्ड
प्रताप नगर, २० फेब्रुवारी

चारुबाई, गोळ्या खाऊन राहिले. माह्यासमोर, तोंड उघडून दाखवते. अजून काही फरक नाही. पण काल भाकर अळणी झाली म्हणून बोल्ले. मी मुद्दाम मीठ टाकलं नव्हतं. अंजना.


बंगलोर
१९ मार्च १९७९

काका,

रिपोर्ट.

नाव महादेवराव लांजेवार, वय सहासष्ट. सातही ठोकळ्यांतून मी नवे काप घेतले, प्रत्येकी वीस. स्वतः रंगवले, इथल्या मुलांना हात लावू दिला नाही. मग माझ्या एका सहकाऱ्याला नाव झाकून पाहायला दिले. त्याचं आणि माझं म्हणणं एकच आलं.

काळ्या पेशी आहेत. तुम्ही वर्णन केल्या तशाच, पिळवटलेल्या. पण त्या क्रमांक दोन आणि तीनच्या ठोकळ्यांतच आहेत, डोक्याच्या डाव्या बाजूच्या वरच्या भागात. तिथेही वरच्याच थरात. थोडं खाली गेलं की पेशी स्वच्छ, भरलेल्या. शेजारच्या चार क्रमांकात अगदी कडेला दहा-बारा आहेत. उरलेल्या चार ठोकळ्यांत एकही नाही. मी दोनदा शोधलं. दोन वर्षांचं दुःख असं हाताच्या तळव्याएवढ्या जागेत गोळा होऊन बसत नाही, काका.

असे काप तुम्ही मला पहिल्याच वर्षी दाखवले होते. मृत्यूनंतर तास-दोन तासांत काढलेला मेंदू कोणी दाबला तर वरच्या पेशी आकसतात, काळ्या दिसतात. त्या सरांची स्लाइड होती ती. 'हा रोग नाही बाई, हा हात आहे,' असं म्हणाला होतात. तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पाठ आहे.

संशय मला पार्सल उघडलं त्याच संध्याकाळी आला होता. तेव्हाच लिहिता आलं असतं. पण नुसत्या संशयावर तुम्हाला एकदा पत्र लिहून झालं होतं, दुसऱ्यांदा ती चूक करायची नव्हती. आणि खरं सांगते, गोळ्यांना तीन-चार आठवडे लागतात हेही मनात होतं. आधी शरीराला थोडं सावरू द्यावं, मग तुमच्याशी वाद घालावा, असा विचार केला. राग आला तर येऊ द्या.

बाकीच्या मेंदूचं सांगते, तुम्ही फसवू नकोस म्हणालात म्हणून. कपाळामागच्या एका ठोकळ्यात पेशी मला किंचित लहान वाटल्या. आधाराच्या बारक्या पेशीही थोड्या विरळ वाटल्या. माझ्या सव्वीसांत जे वाटतं आहे तसंच. ते खरं निघेल की नाही, आणि निघालं तरी त्यामुळे उदासी आली की उदासीमुळे ते झालं, हे आज जगात कोणी छातीठोक सांगू शकेल असं मला वाटत नाही. लहान झालेली पेशी म्हणजे मेलेली नव्हे, एवढं मात्र मी सही करून देते. भाऊंना आजार होता. डोक्यातलाच होता. त्यांनी तुम्हाला विचारलेला प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तर तुम्ही पाहिलंत तिथे नव्हतं. त्यांना वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर काय झालं असतं मला माहीत नाही. तुम्हाला मिळाल्या आहेत.

चिठ्ठी सोबत परत पाठवते आहे. पाचव्या रकान्यात तुमच्या अक्षरात 'नाही' आहे. मी ते खोडलेलं नाही. चिठ्ठी ज्याची त्याने दुरुस्त करायची.

चारुशीला


प्रताप नगर
८ एप्रिल १९७९

चारुशीला,

तुझं पत्र वाचलं आणि तुझ्यावर रागावलो. दोन दिवस. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे पकडले आणि ही कालची पोरगी मला शिकवते, असं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जाग आली. तीनला नाही, साडेचारला. अंगणात बसलो आणि सगळं आठवलं. विसरलो होतो असं म्हणणार नाही. तिकडे मी गेलोच नव्हतो.

भाऊ आठला गेले, दहाला मी मेंदू काढला. नीट काढला, तू पाहिलं असतंस तर नाव ठेवायला जागा नव्हती. बादली भरलेली होती, दोरा ओवलेला होता. डॉक्टर सही करायला बाहेर गेले. खोलीत मी आणि तो. बादलीत सोडायचा तेवढं बाकी होतं, म्हणून डावा हात त्याच्यावर ठेवला, आधाराला. कोमट होता. मेल्यावर दोन तासांनी मेंदू कोमट असतो हे मला शेकडो वेळचं ठाऊक आहे. भाऊ कोमट असतील हे ठाऊक नव्हतं.

लहानपणी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडत. चढावर उतरून पायी चालत, एक हात हँडलवर आणि एक माझ्या डोक्यावर, मी पडू नये म्हणून. मला तो चढ आठवला. मग किती वेळ हात ठेवला आणि किती जोराने, मला माहीत नाही. डॉक्टरांची चप्पल वाजली तेव्हा काढला. दोरा बांधला, बादलीत सोडला, हात धुतले, चिठ्ठी भरली. पाचव्या रकान्यात 'नाही' लिहिताना पेन थांबलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे आठ वर्षं मी जे पाहून भ्यालो तो माझा पंजा होता. हे मान्य करायला मला तुझ्या वीस-वीस कापांची गरज पडली, यावरून मी कसला तंत्रज्ञ ते ठरव.

रात्री जेवण झाल्यावर अंजनेला सगळं सांगितलं. मेंदू काढल्याचं, वहिनींपासून लपवल्याचं, हाताचं, आणि थंडीभर माझ्या मनात काय होतं तेही. तिने ताटं बाजूला सारली. मग म्हणाली, 'जाऊबाईले सांगाले पाहिजे होतं तुमी. ते चुकलंच तुमचं. पण त्या माणसाले शेवटी कोणी मायेनं हात त लावला. तुमी नाही त कोण लावाचं होतं?' आणि रडली. मीही रडलो. बऱ्याच महिन्यांत मला रडू आलं नव्हतं, तेही या आजारात आटतं हे मला माहीत नव्हतं. वॉर्डात कोणाला उपयोग होत असेल तर सांग.

बरा झालो असं म्हणत नाही. दुपार अजून जड जाते. डॉक्टर म्हणतात गोळ्या आणखी सहा महिने. घेतो. जिभेवरचं मेण पातळ झालं आहे, भाकरीला चव लागते आणि अंजनेने मधे मीठ मुद्दाम टाकलं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. रुपरावने कूलर काढून खस भरली. निरोपाचं घड्याळ खोक्यातच होतं, ते काल भिंतीवर लावलं. पाच मिनिटं पुढे जातं. दगड मात्र शिपायाकडून परत मागितला नाही, त्याच्याकडे तो चांगला वापरात आहे.

चिठ्ठी दुरुस्त करून पाठवतो आहे. जुनं खोडलेलं वाचता येईल असं एकच रेघ मारून खोडलं आहे, नियमाप्रमाणे. पाचवा रकाना आता असा आहे: 'होय. धाकट्या भावाने.' त्या सात स्लाइडी तुझ्याकडेच ठेव. दोन आणि तीन नंबर नव्या मुलांना दाखव आणि खरं सांग की हा रोग नाही, हा हात आहे. कोणाचा तेही सांगितलंस तर माझी हरकत नाही.

मेंदूच्या अर्जाचं मी सोडलेलं नाही. फॉर्म छापून येतील तेव्हा एक पाठव, घाई कसलीच नाही. तुझ्या सव्वीसांत माझी भर पडावी अशी इच्छा आहे, फक्त बऱ्याच वर्षांनी, म्हणजे गोळ्यांनी काय केलं तेही तुला मोजता येईल. एकच गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. त्या वेळी अंजना असली आणि तिने माझ्यावर हात ठेवला, तर तिला कोणी 'हात मागं' म्हणू नये. किती वेळ ठेवायचा तेवढा ठेवू द्यावा. चिठ्ठीवर लिहिलं म्हणजे झालं.

देवराव